डीएस३२३१च्या नावावर भलतीच चिप विकतात, सावध राहा

शाळांसाठी स्वयंचलित घंटा बनवून देण्याचं माझं छोटंसं काम आहे. मायक्रोकंट्रोलर, रिले, डिस्प्ले आणि वेळ सांभाळायला एक आरटीसी चिप, म्हणजे बॅटरीवर चालत राहणारं इवलंसं घड्याळ. रात्रभर लाइट गेली तरी सकाळच्या प्रार्थनेची घंटा वेळेवर झाली पाहिजे, म्हणून या चिपच्या बाबतीत मी काटकसर करत नाही.

डीएस१३०७ स्वस्त पडते, पण तिला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा स्फटिक) बाहेरून लावावा लागतो. साधा क्रिस्टल ±२० पीपीएमचा असतो (दहा लाख सेकंदांत वीस सेकंदांची चूक), म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत फरक. एप्रिल-मे महिन्यात डब्याच्या आत ४५ अंश झाले की तो रोज आणखी सेकंदभर मागे पडतो. शिवाय ती ५ व्होल्टवरच चालते, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर तिचा भरवसा नाही. डीएस३२३१एसएनमध्ये क्रिस्टल चिपच्या पोटातच असतो, ती तापमान मोजून स्वतःची चाल सुधारते आणि ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम राखते. वर्षाला फार तर मिनिटभर चूक. शाळेला याहून जास्त काही लागत नाही.

यंदा नेहमीच्या अधिकृत वितरकाकडे माल नव्हता आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत घंटा बसवायच्या होत्या. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘ओरिजनल’ म्हणून डीएस३२३१एसएन दिसली. फोनवर विचारलं तर तो ठामपणे म्हणाला, “सर, कंपनीचा माल आहे, डोळे झाकून घ्या.” किंमतही इतकी कमी नव्हती की संशय यावा.

गणपतीच्या सुमारास एका मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. “सर, घंटा आधीच होतेय. शिक्षक फळ्यावर लिहितायत आणि मुलं दप्तरं भरतायत.” घंटा पाच मिनिटं पुढे गेली होती. लगेच दुसऱ्या शाळेतूनही तीच तक्रार आली. रोज साधारण साडेचार सेकंद, म्हणजे ५० पीपीएमच्या वर. खऱ्या एसएनकडून हे होणं शक्यच नाही.

उरलेल्या चिपा टेबलावर घेतल्या. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन एकीच्या पाठीवर घासलं. कापूस काळा झाला, अक्षरं पुसट झाली आणि खालून घासलेला, बारीक चरे पडलेला पृष्ठभाग वर आला. लेझरने कोरलेली अक्षरं अशी निघत नाहीत. जुन्या किंवा भलत्याच चिपेवर काळा थर देऊन नवं नाव छापलं होतं.

त्याच पाकिटातल्या काही चिपा मात्र वेळ बऱ्यापैकी राखत होत्या. त्यांचं तापमानाचं रजिस्टर (चिप मोजलेला आकडा ठेवते ती जागा) दर सेकंदाला वाचून स्क्रीनवर टाकलं आणि चिपेवर बोट ठेवलं. आकडा लगेच पाव-पाव अंशाने चढू लागला. खरी एसएन वीजपुरवठ्यावर असताना तापमान ६४ सेकंदांतून एकदाच मोजते, तोवर आकडा जागचा हलत नाही. दर सेकंदाला मोजते ती डीएस३२३१एम. तिच्यात क्रिस्टल नसतो, मेम्स रेझोनेटर (सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक) असतो आणि अचूकता ±५ पीपीएम. एम ही वाईट चिप नाही, घंटेला तीसुद्धा पुरते. पण एम द्यायची आणि पैसे एसएनचे घ्यायचे, ही उघड लबाडी आहे. (ही चाचणी घेताना तुमची लायब्ररी (चिप वाचणारा तयार कोड) प्रत्येक वाचनाला नवं मोजमाप करायला लावत नाही ना, तेवढं बघा. तसं होत असेल तर खरी एसएनही एमसारखीच वागेल.)

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, “तुमचा प्रोग्राम तपासा.” मग म्हणाला, “एजिंगचं रजिस्टर बदलून जुळवून घ्या.” चिपची चाल किंचित कमी-जास्त करणाऱ्या त्या रजिस्टरची एक पायरी साधारण ०.१ पीपीएमची आणि एका बाजूला पायऱ्या १२७. म्हणजे सगळं मिळून बारा-तेरा पीपीएम सुधारता येईल. ५०चं काय? यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. रिटर्नची मुदत तर केव्हाच संपली होती. सगळ्या शाळांत जाऊन चिपा मी पदरच्या पैशांनी बदलल्या. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की त्या बाईंनी माझ्या शब्दावर घंटा घेतली होती.

बाजारात मिळणाऱ्या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलबद्दलही (डीएस३२३१ आणि सेल बसवलेला तयार बोर्ड) सांगतो, कारण तिथे प्रश्न नुसत्या वेळेचा नाही. अख्खं मॉड्यूल अधिकृत वितरकाकडच्या सुट्या एसएनपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, तेव्हा त्यावर कोणती चिप असेल याचा अंदाज करा. त्यावर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं, ते एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी. पण विकताना बऱ्याचदा साधा सीआर२०३२ घालून देतात, जो चार्ज करायचा नसतो. ५ व्होल्टवर तो फुगतो, गळतो, फुटूही शकतो. काचेच्या डायोडशेजारी ‘२०१’ लिहिलेला रेझिस्टर दिसेल, तो सोल्डरिंग आयर्नने काढून टाका. चार्जिंग थांबतं, बॅकअप चालू राहतो.

आणि चिप हातात आली की त्याच दिवशी तिला मोबाइलच्या नेटवर्क वेळेशी सेकंदाबरहुकूम जुळवून चालू ठेवा. आठवड्याने पुन्हा बघा. ±२ पीपीएमची चिप तोवर सव्वा सेकंदापलीकडे जात नाही. फरक दोन सेकंदांच्या वर गेला, तर रिटर्नची मुदत संपायच्या आत पाकीट परत पाठवा.