ओपनरिफाइन: जुन्या हर्बेरियमच्या नोंदींसाठी कितपत कामाचं?

विस्मृतीत गेलेल्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटांचे (वनस्पती चिकटवलेल्या कागदांचे) फोटो काढून लेबलं टाइप झाली, की खरा गोंधळ समोर येतो. एकच संग्राहक सात-आठ तऱ्हांनी लिहिलेला, तारखांच्या पद्धती वेगवेगळ्या, गावांची स्पेलिंगं ऐकीव. ओपनरिफाइन हा तक्त्यांतला विस्कळीत डेटा नीट करणारा प्रोग्राम नेमकं या टप्प्याचं हत्यार आहे. मोफत आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, पण डेटा आपल्याच संगणकावर राहतो. २०१० मध्ये ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून आलं, मग गूगल रिफाइन झालं, २०१२ पासून सध्याचं नाव.

फाइल आत घेताना मजकुराचे आकडे करण्याची चौकट रिकामी ठेवा, नाहीतर ००४१२ हा शीट क्रमांक ४१२ होतो. मग संग्राहक, तारीख, स्थळ आणि वनस्पतीचं नाव या रकान्यांच्या प्रती काढा आणि मूळ रकान्यांना हात लावू नका. हे टाळलं तर पुढचं सगळं काम संशयास्पद.

क्लस्टरिंग, म्हणजे सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट करून त्या एक करणं, ही याची सर्वात मोठी ताकद, आणि सर्वात मोठा धोकाही तिथेच. ‘फिंगरप्रिंट’ पद्धत विरामचिन्हं काढते, शब्द वर्णानुक्रमे लावते आणि पुन्हा आलेला शब्द गाळते. त्यामुळे ‘हुकर, जे. डी.’ आणि ‘जे. डी. हुकर’ झटक्यात एक होतात. पण ‘हुकर व थॉमसन’ आणि ‘थॉमसन व हुकर’ हेही एकच ठरतात. संग्रह क्रमांक (संग्राहक आपल्या नमुन्यांना ओळीने देतो तो) सहसा पहिल्या नावाचा असतो, म्हणजे क्रमांकांची मालिकाच चुकीच्या माणसाच्या खात्यात जाते. ‘अकॅशिया निलोटिका निलोटिका’ असं उपजातीचं नाव दर्जाच्या संक्षेपाशिवाय (‘subsp.’सारख्या) लिहिलं असेल, तर ते गुपचूप नुसत्या जातीत विरघळतं. लेव्हेनश्टाइन अंतराची (दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजणारी) पद्धत टायपिंगच्या चुका छान पकडते, पण तिला एरिया हे ऑर्किड आणि एरिका ही वेगळ्याच कुळातली प्रजाती एका अक्षराच्या अंतरावर दिसतात. तेव्हा ‘सगळे निवडा’ हे बटण वनस्पतींच्या नावांवर कधीच दाबू नये. स्थळांवर वापरा, तेही यादी वाचून.

तारखांत हे हत्यार कमकुवत आहे. लेबलावर फक्त १८८७ असेल आणि तुम्ही त्याची तारीख केलीत, तर ती १ जानेवारी १८८७ होते. कुणीतरी भर थंडीत फुललेली वनस्पती गोळा केल्याची खोटी नोंद तयार! अपुऱ्या तारखा मजकूर म्हणूनच ठेवा. डार्विन कोअर या जीवनमुन्यांच्या नोंदींच्या प्रमाण नमुन्यात नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना चालतो. महिना रोमन आकड्यात असेल (१२.iv.१८९१), तर आधी बदली करून घ्यावी लागते. डेटा एक्सेलमधून आला असेल तर आणखी एक खोच: एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखा तारीख मानतच नाही, म्हणून एकाच रकान्यात अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर निघतो.

कौतुक करायचं ते फॅसेटचं, म्हणजे रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी दाखवून त्यावर गाळणी लावू देणाऱ्या सोयीचं. एका संग्राहकावर गाळणी लावा, क्रमांकानुसार लावा आणि शेजारी तारखा बघा. ४१२ आणि ४२० एकाच आठवड्यातले असतील, तर तारीख नसलेला ४१५ कुठे बसतो ते कळतं. अर्थात संग्राहकाने क्रमांक जागेवरच दिले असतील तरच. काही जण घरी येऊन कुळांनुसार क्रमांक घालत, तिथे हा हिशेब फसतो. तारखा क्रमांकांबरोबर वाढत जातात का, हे आधी तपासा.

नावं बाहेरच्या सूचीशी जुळवण्याची सोयही आहे. स्वीकृत नाव नव्या रकान्यात घ्या आणि लेखकाचं (वनस्पतीला ते नाव देणाऱ्याचं) नाव जुळतं का ते पाहा. समान नावं वेगवेगळ्या लेखकांनी दिलेली असतात.

प्रत्येक पायरी इतिहासात राहते, ती जेसन या मजकूर-स्वरूपात काढून पुढच्या गठ्ठ्यावर चालवता येते. मात्र सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) निर्यातीत हा इतिहास येत नाही, अख्खा प्रकल्प वेगळा जपावा लागतो. फाइल मोठी असेल तर स्मरणाची मर्यादा सेटिंगच्या फाइलमध्ये वाढवा. एका शीटवर तीन ओळख-चिठ्ठ्या (वनस्पतीची ओळख नोंदवणाऱ्या) असतील, किंवा दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल, तर हे सोडून स्पेसिफाय किंवा सिम्बायोटा या संग्रह सांभाळणाऱ्या प्रणालींकडे वळा.