केळी वेफर्सचं मशीन, 8 महिने वापरून

आमची केळीची बाग जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं आणि काढणीला आलेली निम्मी बाग अर्ध्या तासात आडवी झाली. विम्यासाठी 72 तासांच्या आत कळवलं, पंचनामाही झाला. पैसे कधी येतील ते कोण सांगणार? व्यापारी पडलेल्या मालाकडे बघेनात. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव नुसता मोबाइलवर वाचायचा.

तेव्हा मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीच्या, टिश्यू कल्चर रोपांसाठी ठेवलेल्या पैशांतले 14,500 काढले आणि तिसऱ्या दिवशी जळगावहून हे मशीन उचलून आणलं. आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "काय वं माय, लावायचं सोडून तळत बसते का आता?"

मशीन साधं. अर्ध्या एचपीची मोटर, घरच्या सिंगल फेजवर चालते. सोललेलं केळं नळीत सोडलं की चकत्या थेट कढईत. किसणीवर तास खाणारं काम दहा मिनिटांत. पण जाडीचा स्क्रू थरथरून सैल होतो. मग एकाच घाण्यात पातळ चकती करपते अन् जाड मऊ राहते. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून स्क्रूखाली बसवला, तेव्हापासून हललेला नाही. कंपनीला हे सुचू नये?

खरा वैताग चिकाचा. पात्यावर वाळला की चकत्यांना काळ्या कडा येतात. काम संपल्या संपल्या गोडेतेलाचं फडकं मारायचं, जेवायला उठायच्या आधी. हाताला तर तेल लावूनच बसायचं. लाइट गेली की किसणी आहेच, ती टाकून देऊ नका.

दहा किलो कच्च्या केळीचे आमच्याकडे दोन, फार तर सव्वादोन किलो वेफर्स होतात. घड भरलेलाच घ्या, कोवळी केळी तेल पितात. पडलेल्या बागेतले भरलेले घड आम्ही चार दिवस तळले, बाकी वावरातच गाडले. पुढच्या जूनला काय होईल ठाऊक नाही. कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावायची केळी, लावलीय. परवा हे स्वतःच सावदा रोडवरच्या टपरीचं भाडं विचारून आले.

पाचपैकी साडेतीन. पाती जादाची दोन आधीच मागवून ठेवा. दुकानदाराने "आठ दिवसांत" म्हणून सांगितलेलं आमचं पातं पोळा झाल्यावर आलं.