वेचणीच्या हातांना काय लावावं: सिलिकॉनची क्रीम की जेली?

दिवाळीनंतर यवतमाळकडे कापसाची वेचणी जोरात असते. पऱ्हाटीवरच्या वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडा सोलतात, त्यात थंडीच्या भेगा. गावच्या दुकानात मग दोन गोष्टी दिसतात: डायमेथिकोनवाली हँडक्रीम आणि पेट्रोलियम जेली.

डायमेथिकोन हे सिलिकॉन; म्हणजे त्याच नावाचं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांची लांब, लवचिक साखळी. ते त्वचेत मुरत नाही, वरच पातळ पापुद्रा धरतं. बाहेरचं पाणी थोपवतं, आतली वाफ मात्र बरीचशी निघून जाते, म्हणून हात चिकचिकत नाहीत. काही क्रीममध्ये सायक्लोपेंटासिलोक्सेन हे हलकं सिलिकॉनही असतं. ते थोड्या वेळात उडून जातं आणि जड सिलिकॉनचा थर सारखा पसरून मागे राहतो. तो रेशमी गुळगुळीतपणा या थराचा. त्वचा सुधारली असं समजू नका.

जेली ओल कोंडून ठेवते, आणि त्यात ती सिलिकॉनपेक्षा कितीतरी सरस. पण वावरात लावून गेलात तर धूळ, काडीकचरा सगळं बोटांना.

मी म्हणेन, दिवसा क्रीम. रात्री हात धुऊन, ओलसर असतानाच जेली. एकच घ्यायची असेल तर जेली, स्वस्त पडते. फवारणीच्या औषधापासून दोन्हींपैकी एकही वाचवत नाही, तिथे हातमोजेच हवेत.