एका आरशापायी सात महिने: रिग्ज ऑफ रॉड्स वापरून

परवा रात्री साडेअकराला रिग्ज ऑफ रॉड्स या फुकटच्या गाडी-सिम्युलेटरमध्ये माझा ट्रक आभाळात गेला. चालवत नव्हतो हो, नुसता उभा होता, इंजिनसुद्धा बंद. नकाशा लोड झाला, ट्रक दिसला न दिसला तोच त्याचा साळिंदर झाला. सगळे पत्रे काट्यांसारखे चारी दिशांना ताणले गेले आणि स्क्रीनवर फक्त निळं आकाश उरलं. कारण काय, तर डाव्या बाजूचा आरसा. म्हटलं, आता हे लिहूनच काढावं, नाहीतर झोप लागायची नाही.

नोड आणि बीम काय असतात हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. वजन असलेले बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या बिनवजनाच्या स्प्रिंगा, इथली गाडी त्यांचीच बनते, एवढं धरून चला. हा सिम्युलेटर २००५ पासूनचा, २००९ मध्ये त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि यावर काम केलेल्यांपैकी काही जणांनीच पुढे बीमएनजी हा असाच गाड्यांचा गेम काढला. तो देखणा आहे, पण विकतचा आहे. माझा लॅपटॉप जुना आणि खिशाला हात घालायची मला फारशी सवय नाही, त्यामुळे फुकट ते पौष्टिक म्हणत इकडे आलो.

पहिले दोन महिने खरंच मजेत गेले. सोबत आलेला ट्रक खडकाळ चढावर घातला, एक चाक हवेत गेलं आणि अख्खी चेसी पिळवटली. 'के' दाबून सांगाडा बघितला तर कुठली स्प्रिंग ताणली जातेय आणि कुठली दबतेय ते डोळ्यांना दिसत होतं. मॉड्सचं, म्हणजे लोकांनी बनवलेल्या गाड्यांचं म्हणाल तर दहातले तीन चांगले, बाकीच्यांचा पत्र्यावरचा रंग गायब नाहीतर चाकं जमिनीत. ग्राफिक्स जुनेपुराणे आहेत, ते सोडून द्या. तीन गाड्या एकदम आणल्या की माझा प्रोसेसर धापा टाकतो, तेही सोडून द्या. मी आरशावर येतो.

ज्या ट्रकच्या मी प्रेमात पडलो त्याला डावा आरसाच नव्हता. गाडीची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. तेव्हा आपणच बसवू म्हणून दांड्याचे दोन नोड, काचेच्या चौकटीचे चार आणि वर पंधरा-वीस बीम लिहून काढले. ट्रक उघडला तर केबिन डावीकडे कललेली. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. आठवडाभर मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. मग कळलं की गाडीचं एकूण वजन बीमच्या लांबीप्रमाणे नोडांना वाटलं जातं. आरशाचे बीम आखूड, त्यामुळे त्यांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. आणि कुठलाही नोड ५० किलोच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा इथला मुळातला नियम आहे. त्याला मिनिमास म्हणतात. सहा नोड, प्रत्येकी पन्नास. मी केबिनला तीन क्विंटलचा आरसा टांगला होता!

मिनिमास १० वर आणलं. गाडी सरळ झाली, पण आरसा थरथरायला लागला. गाडी उभी, वारा नाही, इंजिन बंद आणि आरसा पिंपळाच्या पानासारखा हलतोय. या थरथरीने माझे पुढचे चार महिने खाल्ले. ट्रेलर जोडणं, क्रेन चालवणं, सगळं बाजूला पडलं. रोज संध्याकाळी ट्रक उघडायचा, आरशाकडे बघायचं, चिडायचं आणि बंद करायचा. वजन आणखी कमी केलं तर थरथरही कमी होईल, असा माझा अडाणी हिशोब. म्हणून परवा १० चे २ केले. पुढचं वर सांगितलंच आहे.

तोपर्यंत या लेखाचं नाव 'फुकट घ्याल तर फसाल' असं ठरलं होतं. लॉग फाइल उघडली, त्यात कामाचं काही मिळालं नाही. मग शेवटी कागद-पेन घेतलं, आणि इथे माझं मत फिरलं.

सिम्युलेटर सेकंदाला २,००० वेळा हिशोब करतो, म्हणजे एक ठोका ०.०००५ सेकंदाचा. बीमचं मुळातलं डॅम्पिंग, म्हणजे हलणं शमवायचा जोर, १२,०००. दोन्हींचा गुणाकार केला की येतात ६. याचा अर्थ नोड ६ किलोचा असेल तर एकटा बीम एका ठोक्यात त्याचा वेग बरोबर शून्यावर आणतो. माझा नोड २ किलोचा. त्याच्या वेगातून वेगाच्या तिप्पट वजा झाले आणि उरला उलट्या दिशेचा दुप्पट वेग. पुढच्या ठोक्याला चौपट, त्याच्या पुढे आठपट. जो बीम हलणं थांबवायला आहे तोच झोका देत सुटतो! दहा ठोक्यांत हजारपट, आणि दहा ठोके म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. एका नोडला सहा-सात बीम असले की १० किलोलासुद्धा काठावरच उभं राहावं लागतं. ती थरथर म्हणजे हा काठ होता. तो ५० चा आकडा कुणी उगाच ठेवलेला नव्हता. चार महिने मी ज्यांना नावं ठेवत होतो त्यांनी माझी गाडी आकाशात जाऊ नये म्हणूनच तो घातला होता.

उपाय वजनाचा नव्हताच. आरशाच्या बीमआधी सेट-बीम-डिफॉल्ट्सची, म्हणजे खालच्या सगळ्या बीमचे आकडे ठरवणारी, एक ओळ घातली: स्प्रिंगचा ताठपणा ९०,००,००० वरून ९,००,०००, डॅम्पिंग १,२००, वाकण्याची आणि तुटण्याची मर्यादाही दहाव्या हिश्शावर. मिनिमास परत १०. पहिल्या वेळी खाली जुने आकडे परत लिहायला विसरलो, त्यामुळे फाइलमध्ये पुढे लिहिलेली सगळी केबिन मऊ पडली आणि पहिल्याच खड्ड्यात तिचा लोळागोळा झाला. ते दुरुस्त केलं आणि आरसा गप्प. पूर्ण गप्प! मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

आता एक गोष्ट कबूल करतो. आरसा प्रॉप म्हणून, म्हणजे नुसती वरून लावलेली वस्तू म्हणून, तीन नोडांच्या आधाराने चिकटवता येतो, त्याला स्वतःचे नोड लागतच नाहीत. बहुतेक लोक तसंच करतात आणि ते काम पाच मिनिटांचं आहे. हे मला पाचव्या महिन्यात समजलं होतं. पण असा प्रॉप स्वतः वाकत नाही. ज्या नोडांना टेकवलाय ते हलले तरच हलतो, बाहेर आलेला दांडा कशावर आपटला तरी त्याला पत्ता नसतो. मला तो आपटायला हवा होता.

काल मुद्दाम ट्रक एका खांबाला घासून नेला. दांडा आधी मागे वाकला, चौकट खांबावर क्षणभर अडकली, आणि मग आरसा तुटून मागच्या चाकाखाली गेला. 'आय' दाबून गाडी नवी केली आणि परत घासली. अकरा वेळा. प्रत्येक वेळी जरा वेगळा तुटला.

उजव्या बाजूचा अजून राहिलाय. तेच सहा नोड, फक्त झेडचं, म्हणजे डाव्या-उजव्या अंतराचं चिन्ह उलटं करायचं.