मेळघाटात वर्षभर फोर बाय फोर : तक्रार एकाच नळीची

इंजिनाची ताकद, ग्राउंड क्लिअरन्स आणि मागच्या सीटची अडचण यांवर इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालत नाही. वर्षभर ही गाडी परतवाडा, घटांग, सेमाडोह आणि तिथून आत रायपूर-हतरूकडे कामानिमित्त चालवल्यानंतर मला लिहायचे आहे ते मागच्या ॲक्सलच्या ब्रीदरविषयी, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या बोटाएवढ्या त्या नळीविषयी, जिचा उल्लेख गाडी विकताना कोणीही केला नव्हता.

मेळघाटातले रपटे, म्हणजे नदीपात्रातले बुटके पूल, ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहेत, त्यांना सिपना आणि खापरा या नद्यांबद्दल वेगळे सांगायला नको. पूर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचे हे तिथले शेंबडे पोरही जाणते. पण ओसरल्यावरही रपट्यावरून पाणी वाहतच असते आणि त्यातून जावेच लागते. घाट उतरून आलेल्या गाडीचा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला तेलाने भरलेला गिअरांचा डबा, चांगलाच तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे बाहेरून काहीतरी आत ओढले जाते. ब्रीदरचे तोंड उंचावर असेल तर हवा जाते, पाण्याखाली असेल तर पाणी. माझ्या गाडीत ते तोंड ॲक्सलला जवळजवळ चिकटूनच होते.

ऑगस्टच्या अखेरीस मागून घरघर सुरू झाली. ड्रेन प्लग उघडला तेव्हा आतून तेल नव्हे, तर जास्त दूध घातलेल्या चहासारखे काहीतरी पडले. सर्व्हिस सेंटरचे उत्तर तयारच होते: ‘वॉटर एंट्री’ आहे, वॉरंटीत बसत नाही. ज्या गाडीच्या जाहिरातीत ती ओढ्यातून फवारे उडवत जाते, तिच्याच मालकाला हे ऐकवले जावे, याचा मला अजूनही संताप येतो. बराच पत्रव्यवहार झाल्यावर बेअरिंगचा खर्च त्यांनी सोसला. तेल आणि मजुरी मात्र माझ्या माथी मारली.

परतवाड्याच्या एका मिस्त्रीने हा प्रश्न अर्ध्या तासात सोडवला. तेलाने न फुगणारी रबरी नळी मूळ ब्रीदरला जोडून त्याने ती मागच्या दिव्याच्या आतपर्यंत वर नेली आणि टोकाला मोटारसायकलचा पेट्रोल फिल्टर बसवला. नळी, दोन क्लिपा, फिल्टर आणि मजुरी मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी धुऊनही मिळत नाही. कारखान्याला हे का परवडू नये?

हे लिहायला घेतले तेव्हा गाडीला पाचपैकी दोनच गुण द्यायचे ठरवले होते, पण लो रेंजचा, म्हणजे चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरांचा, विचार केल्यावर ते अन्यायाचे वाटू लागले. ओल्या मुरमाच्या तीव्र उतारावर लो रेंजचा पहिला गिअर टाकला की ब्रेकला पाय न लावता गाडी माणसाच्या चालीने उतरते, आणि ब्रेक दाबल्यावर चाके अडकून घसरण्याची धास्ती उरत नाही. टायरमधली हवा ३२ वरून २२ पीएसआयपर्यंत उतरवली तर दगडांवरचे हादरेही सुसह्य होतात. फक्त डांबरी रस्ता लागताच लिव्हर टू-व्हीलवर आणावा, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल या गाडीत नसल्याने कोरड्या वळणावर स्टिअरिंग जड होते आणि टायर विनाकारण घासले जातात. सध्याच्या टायरच्या किमती पाहता हे लक्षात ठेवलेले बरे. तेव्हा साडेतीन गुण देतो. उरलेला दीड त्या नळीने खाल्ला.

ज्यांना ही गाडी पाण्यातून न्यायची आहे, त्यांनी ताबा घेण्यापूर्वी खाली वाकून ब्रीदर कुठे संपतो ते स्वतः पाहावे आणि पावसाळा संपताच डिफरन्शियलचे तेल तपासावे. माझे तेल आता स्वच्छ आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला ही वाढवलेली नळी दिसली की ‘बाहेरचे काम’ म्हणून हरकत घेतली जाईल, याची मला खात्री आहे. त्यासाठी जुने बिल आणि त्या दुधाळ तेलाची एक बाटली मी जपून ठेवली आहे.