रीडिंग मास्टरी (क्लासिक, पातळी १): स्क्रिप्ट चोख, पण पानावर डोळे खिळवून चालत नाही

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत वाचन शिकवण्याचे जे स्क्रिप्टेड संच (शिक्षकाने काय बोलायचं ते शब्दशः लिहून दिलेले) चालतात, त्यांतला हा जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ सीगफ्रीड एंगलमन यांच्या ‘डिस्टार’ या आधीच्या संचातून तो आला, डिस्टार १९६९ साली निघालं. आता मॅकग्रॉ-हिल ही प्रकाशनसंस्था तो ‘एसआरए’ या नावाखाली विकते. पहिल्या पातळीत १६० पाठ. शिक्षकाने बोलायचं वाक्य रंगीत छापलेलं, मुलांचं अपेक्षित उत्तर तिरक्या अक्षरांत.

पाठाचा सगळा जीव इशाऱ्यात आहे. अक्षराखाली बाण असतो. त्याच्या सुरुवातीच्या ठिपक्यावर बोट, ‘गेट रेडी’, मग बोट झटकन पुढच्या ठिपक्यावर आणि साधारण दोन सेकंद तिथेच. गटाने एका दमात ध्वनी म्हणायचा. बोट डळमळलं की हुशार दोघं-तिघं आधी बोलतात आणि बाकीचे त्यांची री ओढतात. कानाला गट बरोबर वाटतो, कच्चं मूल मात्र झाकलं जातं. शिक्षक स्वतःच ओठ हलवत असेल तर संपलंच! म्हणून पाठातल्या एकेकट्या पाळ्या (एकेका मुलाने एकट्याने उत्तर द्यायच्या) वेळ कमी पडला तरी गाळू नयेत.

चूक दुरुस्तीची पद्धत या संचातली सर्वांत भक्कम गोष्ट: आधी शिक्षक म्हणतो, मग सगळे मिळून, मग मुलं एकटी, आणि पुन्हा ओळीच्या आरंभापासून. नवख्या शिक्षकाला एवढं नेमकं हाताशी कुठेच मिळत नाही.

ध्वनी जोडताना मध्ये थांबायचं नाही, ‘म्म्मॅॅॅट’ असं सलग. मराठी मुलं आणि पालक इथे हमखास अडकतात. ‘म’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो, त्यामुळे ‘म-ॲ-ट’ होतं आणि शब्द जुळतच नाही. ‘टी’, ‘डी’ मात्र ताणता येत नाहीत, ते तुटकच म्हणायचे.

सुरुवातीची छपाई खास आहे: दीर्घ स्वरावर आडवी रेघ, मुकी अक्षरं बारीक, ‘टी-एच’ जोडलेलं. नेहमीच्या छपाईकडे दुसऱ्या पातळीत वळवतात. मूल मध्येच शाळा बदलणार असेल तर हे आड येतं.

खरा बिघाड होतो तो कॅलेंडरने. ‘आज पाठ ६२ झालाच पाहिजे’ असा वरून तगादा असला की शिक्षक पान उरकतो. हा संच मात्र आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही, या अटीवर बांधलेला आहे. शब्दसंपत्तीच्या बाबतीत तो तोकडाच. गोष्टी मुद्दाम सोप्या शब्दांत आहेत. रोज चांगलं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याचा वेळ वेगळा काढावाच लागतो.

घेणार असाल तर प्लेसमेंट टेस्ट (मुलाला कुठून सुरुवात करायची ते ठरवणारी चाचणी) प्रत्येक मुलाची एकेकट्याने घ्या, कच्च्यांचा गट सर्वांत लहान ठेवा आणि दोन शिक्षकांचे गट एकाच वेळी बसणार असतील तर प्रेझेंटेशन बुकची (शिक्षकाने गटासमोर धरून शिकवायच्या पुस्तकाची) दुसरी प्रत आधीच मागवा.