हिच गप्प झाला तेव्हा: कॅरव्हॅनसोबतचे आठ महिने

मार्चमध्ये आम्ही कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली; दहा वर्षं जुनी, वापरलेली. राहतो इंग्लंडमध्ये, लेस्टरला, गाडी डिझेल इस्टेट (मागे लांब डिकीवाली), कॅरव्हॅन चौघांची, एका आसाची, सामान भरून 1400 किलोच्या आत. आता नोव्हेंबर. पाच सहली झाल्या, अंदाजे 2000 मैल. कॅरव्हॅनच्या आतल्या गोष्टींवर, म्हणजे हीटर, फ्रीज आणि त्या कपाटाएवढ्या बाथरूमवर लोक भरभरून लिहितात. मी लिहितोय तिच्या नाकाबद्दल, म्हणजे गाडीला जोडायच्या हिचबद्दल. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त त्यानेच छळलं. त्यातला निम्मा छळ मी स्वतः ओढवून घेतला होता, तेही सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे ते. साधा हिच म्हणजे लोखंडी वाटी. गाडीच्या मागच्या 50 मिमीच्या गोळ्यावर, टोबॉलवर, ती पालथी बसते आणि फिरते. लोखंडावर लोखंड, म्हणून तिथे ग्रीस लागतंच. पण ब्रिटनमधल्या आजच्या बहुतेक कॅरव्हॅनना असतो तो स्टॅबिलायझरवाला हिच. अल-को किंवा विंटरहॉफ ही नावं इथे कुठल्याही साइटवर, म्हणजे कॅरव्हॅन लावून राहायच्या जागी, चार कॅरव्हॅन बघितल्या की दिसतातच. माझ्याकडेही त्याच जातीचा आहे. यात वाटीच्या आत ब्रेकच्या पॅडसारखी घर्षणाची पॅड असतात. गाडी जोडली की वरचं लांब हँडल जोर लावून खाली दाबायचं; पॅड गोळ्याला आवळून धरतात आणि कॅरव्हॅनचं शेपूट सहजासहजी हलू देत नाहीत. ही सगळी करामत कोरड्या घर्षणावर चालते. हे वाक्य मला मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पहिली सहल ईस्टरला, बक्स्टनची. घरापासून दुसऱ्याच राउंडअबाउटला मागून आवाज आला, कर्रर्रर्र. जुन्या वाड्याचं दार कुणीतरी मुद्दाम सावकाश उघडावं तसा. सरळ रस्त्यावर काही नाही. हळू वळलो की पुन्हा तेच. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, कॅरव्हॅनला यायचं नाहीये." बक्स्टनच्या साइटवर संध्याकाळी जागेवर लावताना मागे-पुढे करावं लागलं, तेव्हा तर हातात चहाचे मग घेऊन बसलेले शेजारी माना वळवून बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर आप्पांना आवाज ऐकवला. वाळवा तालुक्यात त्यांची चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेली. त्यांनी पाच सेकंदं ऐकलं आणि निकाल दिला, "कोरडं लोखंड बोलणारच की रं. ग्रीस थाप त्याच्यावर." ट्रॉलीच्या हुकात पिन घालताना आप्पा बोटभर ग्रीस कसं लावायचे ते लहानपणापासून बघितलेलं. मग काय, गेलो दुकानात, डबा आणला आणि गोळ्यावर लोण्यासारखं थापलं. वाटीतही बोट फिरवलं, कुठे कमी नको.

आवाज बंद! एकदम बंद. मे महिन्यात व्हिटबीला निघालो तेव्हा गल्लीतून बाहेर पडताना बायकोने मागे वळून खात्री केली की कॅरव्हॅन आहे ना मागे. मी आप्पांना मनातल्या मनात नमस्कार घातला.

एम-1 मोटरवेवर वेकफील्ड यायच्या आधी एक कोच बस आम्हाला ओलांडून गेली. इथे कॅरव्हॅन ओढताना मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा आहे. मी 55 वर होतो. एवढं मोठं धूड शेजारून जातं तेव्हा त्याच्या पुढची हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते, मग आत खेचते. ईस्टरला असं झालं तेव्हा नुसता हलका धक्का जाणवला होता. या वेळी स्टिअरिंग हातात हलकं झालं. आरशात बघतो तर कॅरव्हॅन डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, म्हशीच्या शेपटीसारखी. ब्रेक मारायचा नाही एवढं वाचलेलं आठवलं. पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं, वेग आपोआप उतरू दिला. चार-पाच हेलकाव्यांनंतर थांबलं. गाडीत कुणी काही बोललं नाही. वूली एज सर्व्हिसेसला थांबून मी दोन कप चहा घेतला आणि तरी हात थरथरत होते.

पहिला संशय सामानावर. नाकावरचं वजन, म्हणजे हिच गोळ्यावर किती भार टाकतो ते, कमी असेल तर मागचं जड होऊन हेलकावे येतात. साधारण हिशेब असा की कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के नाकावर हवं. शिवाय गाडीच्या आणि हिचच्या पाटीवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही. मोजायची दांडी बरोबर होती. 80 किलो भरलं, म्हणजे ठीकच. टायरची हवाही ठीक. व्हिटबीपर्यंत 50 ने गेलो, पाठीमागे रांग घेऊन. परतीलाही तसंच. नेव्हिगेशनने मध्ये एकदा थर्स्कवरून सटन बँकच्या चढावर घालायचा डाव टाकला. तो चढ 1:4 आहे आणि तिथे कॅरव्हॅनना बंदी आहे. कॅरव्हॅन मागे असेल तर त्या बाईचं सगळं ऐकू नये.

घरी आल्यावर कॅरव्हॅनचा मेकॅनिक बोलावला, दारात येऊन काम करणारा. पन्नाशीचा माणूस, फार बोलत नव्हता. त्याने किचन टॉवेलचा पांढरा कागद घेतला, गोळ्यावरून एकदा फिरवला आणि मला दाखवला. काजळाच्या डबीत बोट घालावं तसा काळा पट्टा. मग हिचच्या वाटीत टॉर्च मारून आत बघितलं. पॅड चकाकत होती, तव्यावरच्या तेलासारखी. "हे तू लावलंस?" मी हो म्हणालो. त्याने फक्त मान हलवली. मग दोन वाक्यांत समजावलं. ग्रीसमुळे आवाज गेला हे खरंच, पण आवाज काढणारी पकडच गेली होती. हँडल खाली दाबलेलं, हिचवरच्या 'नीट जोडलंय' सांगणाऱ्या खुणा सगळ्या हिरव्या, आणि पॅड गोळ्यावरून निसटताहेत. ईस्टरला किंचाळणारा हिच काम करत होता. मे महिन्यातला गप्प हिच रजेवर होता.

मग ती किंचाळी कशाची होती? तेही त्या दिवशी कळलं. माझा टोबार, म्हणजे गोळा धरणारा गाडीमागचा लोखंडी भाग, नवा बसवलेला. नवा गोळा काळा रंग लावून येतो. स्टॅबिलायझरसाठी तो रंग पूर्ण खरवडून उघडं, चकचकीत लोखंड ठेवायचं असतं. नाहीतर रंगाचा भुगा पॅडवर चढतो, तिथे काचेसारखा थर बसतो आणि वळताना ओरडतो. बसवणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने झालं असतं ते काम.

थर नुसता रंगाचा किंवा गंजाचा असेल तर पॅड पॉलिश पेपरने हलकेच घासून वाचतात. ग्रीस प्यायलेली वाचत नाहीत. नवा संच मला साधारण 50 पौंडांना पडला, मजुरी वेगळी. गोळा त्याने ब्रेक क्लीनर मारून धुतला, बारीक पॉलिश पेपरने आडवा-उभा घासला, पुन्हा धुतला आणि व्हर्नियरने मोजला, 49.8 भरला. गोळा झिजून लहान झाला असेल तर नवी पॅड घालूनही उपयोग नाही, म्हणून हे मोजणं. वाटीच्या आत कोपऱ्यातलं ग्रीस काढायला मात्र त्याचा अर्धा तास गेला. त्यातलं निम्मं मीच बोटाने भरलेलं.

त्याच दिवशी दुसऱ्या आवाजाचाही निकाल लागला. सिग्नलला थांबताना आणि निघताना एक 'धप्' यायचा, कुणीतरी मागून पाठीत बुक्की मारल्यासारखा. मी तोही हिचच्या वाटीच्या खात्यात टाकला होता. तो येत होता हिचच्या मागच्या रबरी भात्याखालून. तिथे एका नळीत सरकणारा दांडा असतो. गाडीने ब्रेक मारला की कॅरव्हॅन पुढे रेटते, हा दांडा आत सरकतो आणि त्यानेच कॅरव्हॅनचे ब्रेक लागतात. दांड्याचा धक्का खायला आत डँपर असतो. मेकॅनिकने कॅरव्हॅनचा हँडब्रेक ओढून दांडा आत ढकलायला सांगितलं. मी ढकलला तर ड्रॉवरसारखा आत गेला. चांगला डँपर असा जाऊ देत नाही, आणि सोडल्यावर दांडा सावकाश आपणहून बाहेर येतो. तो बदलला. गंमत म्हणजे त्या नळीवर वरच्या बाजूला ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, आहेत आणि ते कोरडे ठणठणीत होते. तिथे ग्रीस हवंच. म्हणजे ज्या जागी लावायचं तिथे थेंब नाही, आणि तिथून वीतभर पुढे, जिथे लावायचं नाही तिथे अर्धा डबा. ज्याने हा हिच आखला त्याला माझ्यासारख्याची कल्पना नसावी.

बाकीचे आवाज फुटकळ. जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं छोटं चाक, पूर्ण वर घेऊन त्याचा क्लँप करकचून आवळला नाही तर खड्ड्यावर खडखडतं. ते हिचचं पाप नव्हे. कॅरव्हॅन जोडलेली नसतानाही गाडीच्या मागून टकटक येत असेल तर ती सुटा होणाऱ्या टोबारच्या खाचेतली माती.

आता माझी रीत ठरून गेली आहे. जोडायच्या आधी गोळा कोऱ्या कागदाने पुसतो, कागद काळा झाला तर ब्रेक क्लीनर. वापर नसेल तेव्हा गोळ्यावर प्लास्टिकची टोपी. पॅडजवळ कुठलाही स्प्रे नाही, 'आवाज घालवतो' असं लिहिलेला तर नाहीच. साइटवर जागेवर लावताना हँडल वर करून स्टॅबिलायझर सोडतो, त्यामुळे शेजाऱ्यांची शांतता टिकते. रस्त्यावर निघताना ते पुन्हा खाली दाबलं आहे की नाही हे बायको उतरून बघते, कारण जुलैत वेल्सहून निघताना मी एकदा विसरलो होतो.

नव्या पॅडवर आता हजारेक मैल झाले. सुरुवातीचे काही मैल अगदी शांत होती, मग अंगात मुरली आणि हलकी कुरकुर सुरू झाली. हळू वळताना, तेवढ्यापुरती. ऑक्टोबरमध्ये एम-1 वर, जवळपास त्याच पट्ट्यात, पुन्हा एक कोच गेली. धक्का आला आणि गेला, आरशात कॅरव्हॅन जागच्या जागी.

घ्यावा का असा हिच? जुनी कॅरव्हॅन घेणार असाल तर बहुधा तो असेलच, आणि असलेला बरा. फक्त घेताना पॅड किती उरलीत त्याची हँडलजवळची खूण बघा आणि आधीच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: गोळ्याला काय लावता? 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर पुढे बोला. डिसेंबर 2021 पासून इथे जड जोडी ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे माझ्यासारखे न शिकलेले आधीचे मालकही बाजारात बरेच असणार.

आप्पांना हे सगळं फोनवर सांगितलं. "बिनग्रीसचा हूक? असं कुठं असतंय?" म्हणाले. नाताळात येताहेत, स्वतः बघतो म्हणालेत. ग्रीसगन मी गॅरेजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे.